किरणोपचारानंतर एक्सोसोमची रक्ततपासणी करावी का? मोठ्या बाबांसाठी विचारतो आहे

धानपट्टा
७ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार. मी नागभीड तालुक्यातल्या एका गावचा आहे. वडिलांच्या थोरल्या भावाला आमच्याकडे मोठे बाबा म्हणतात. माझ्या मोठ्या बाबांना गेल्या वर्षी डाव्या गालाच्या आतल्या बाजूचा कर्करोग निघाला. तीस वर्षे खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) खाल्लेला माणूस, त्यामुळे कारण शोधत बसावे लागले नाही. दिवाळीनंतर नागपुरात शस्त्रक्रिया झाली आणि जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ३० बैठकांमध्ये ६० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) इतका किरणोपचार झाला. गावात त्याला सगळे ‘शेक’ म्हणतात. सोबत आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन या कर्करोगाच्या औषधाचे सलाईन होते.

जूनच्या आरंभी पेट-सीटी, म्हणजे शरीरात कुठे पेशी जास्त सक्रिय आहेत ते दाखवणारे चित्रण, झाला. त्याच्या अहवालात असे लिहिले आहे की शस्त्रक्रियेच्या जागी पेशींची थोडी सक्रियता दिसते, परंतु ती किरणांमुळे आलेली सूज आहे की उरलेला रोग आहे हे या चित्रावरून सांगता येत नाही. डॉक्टरांनी सहा आठवड्यांनी पुन्हा बोलावले आहे. हे सहा आठवडे आमच्या घरात फार जड जात आहेत. मोठी आई रात्री उठून त्यांच्या तोंडात बॅटरी मारून बघते.

अशात तालुक्याच्या ठिकाणी नमुने गोळा करणाऱ्या एका केंद्रातल्या माणसाने सांगितले की आता बाहेर एक नवी रक्ततपासणी निघाली आहे. तिच्यात कर्कपेशींनी रक्तात सोडलेले ‘एक्सोसोम’ मोजतात आणि रोग उरला आहे की नाही ते गालात सुई न टोचता, तुकडा न काढता कळते. सांगितलेली रक्कम आम्ही धानाच्या रोवणीच्या मजुरीसाठी राखून ठेवलेल्या पैशांएवढी आहे. माझे वडील म्हणतात, रोवणी उधारीवर करू, तपासणी करून टाकू. मी बी.एस्सी.पर्यंत शिकलो आहे, पण हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. ही तपासणी खरी आहे का, आणि खरी असेल तर आमच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातून मिळेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

———

किरणोपचार विद्यार्थी
७ जुलै, रात्री ११.१५

धानपट्टा, मी किरणोपचार विभागात पदव्युत्तर शिक्षण घेतो आहे. तुमच्या मोठ्या बाबांना मी तपासलेले नाही, त्यामुळे त्यांच्या गालात काय आहे यावर मी बोलणार नाही. एक्सोसोम म्हणजे काय आणि त्यांच्यावरून आज काय ठरवता येते, एवढेच सांगतो.

आपल्या शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी स्वतःभोवती अतिसूक्ष्म पुटिका, म्हणजे इवल्या पिशव्या, सोडत असते. त्यांतल्या साधारण ३० ते १५० नॅनोमीटर आकाराच्या, पेशीच्या आत तयार होऊन बाहेर पडणाऱ्या पुटिकांना एक्सोसोम म्हणतात. रक्तातली एक तांबडी पेशी सात-आठ हजार नॅनोमीटर रुंद असते, त्यावरून या किती लहान आहेत ते लक्षात येईल. १९८० च्या दशकात कॅनडातल्या रोझ जॉनस्टोन मेंढीच्या अपरिपक्व तांबड्या पेशींचा अभ्यास करत असताना त्यांच्या गटाला या पुटिका दिसल्या, आणि बरीच वर्षे असेच मानले गेले की पेशी नको असलेला माल यांच्यातून बाहेर टाकते. २००७ मध्ये स्वीडनमधल्या गोटेनबर्गच्या संशोधकांनी दाखवून दिले की या पुटिकांमध्ये आरएनए (पेशीतले संदेश वाहणारा रेणू) असतो आणि तो दुसऱ्या पेशीत जाऊन कामही करू शकतो. तेव्हापासून कर्करोगाच्या संशोधकांचे लक्ष इकडे वळले. गाठीतल्या पेशी ज्या पुटिका सोडतात त्यांच्यात गाठीची प्रथिने आणि गाठीचा आरएनए असतो, त्यांचे आवरण आतल्या मालाला रक्तातल्या, त्याचे तुकडे करणाऱ्या एन्झाइमांपासून वाचवते, आणि त्या जिवंत पेशीही सोडतात. रक्तात मेलेल्या पेशींच्या डीएनएचे तुकडेही सापडतात, त्यांच्यापेक्षा ही बाजू वेगळी आहे. एवढे सगळे खरे आहे, आणि त्या माणसाने सांगितलेला शब्द खोटा नाही.

आता अडचण सांगतो. रक्तातल्या पुटिकांपैकी फार मोठा हिस्सा प्लेटलेट आणि इतर रक्तपेशींचा असतो. गाठीच्या पुटिका त्या गर्दीत मूठभर असतात, आणि ‘ही पुटिका गालाच्या कर्करोगाचीच’ असे निर्विवाद सांगणारी खूण अजून हाती नाही. सीडी९, सीडी६३, सीडी८१ ही प्रथिने पुटिका ओळखायला वापरतात, परंतु ती निरोगी पेशींच्या पुटिकांवरही असतात. मायक्रोआरएनए-२१ हा एक लहानसा आरएनए अनेक कर्करोगांत वाढलेला दिसतो, पण तो साध्या सुजेत आणि ऊतक कडक होत जाण्यातही वाढतो. किरणोपचारानंतर गालात या दोन्ही गोष्टी चाललेल्या असतात.

तुमच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा मुद्दा यापुढचा आहे. किरण लागलेली पेशी अधिक पुटिका सोडते. डीएनएला इजा झाली की पी५३ नावाचे प्रथिन जागे होते, आणि पुटिका सोडण्याचा वेग वाढण्याशी त्याचा संबंध प्रयोगशाळेत दिसलेला आहे. हे निरोगी पेशींतही घडते. म्हणजे शेकानंतर काही महिन्यांनी रक्तात पुटिका जास्त सापडल्या, तर त्या उरलेल्या रोगाच्या आहेत की भाजलेल्या निरोगी कातडीच्या, हा तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो जो पेट-सीटीने तुमच्यापुढे ठेवला आहे. नुसत्या संख्येने तो सुटत नाही. पुटिकांच्या आत काय आहे हे पाहावे लागते, आणि त्यासाठी त्याच माणसाचे उपचारापूर्वीचे, उपचार चालू असतानाचे आणि नंतरचे असे नमुने एका ओळीत लावून बघावे लागतात. मोठ्या बाबांचा शस्त्रक्रियेपूर्वीचा नमुना कुणी ठेवलेला नसेल, तर एकट्या जुलैच्या नमुन्याची तुलना कशाशी करणार?

———

वैनगंगाकाठ
८ जुलै, सकाळी ७.०५

धानपट्टा भाऊ, मोठ्या आईंना माझा नमस्कार सांगा. माझ्या आईला गर्भाशयमुखाचा कर्करोग होता आणि तिचा शेक संपून आता पाच वर्षे झाली. अहवाल आणि पुढची तारीख यांच्यामधले दिवस कसे जातात हे मला ठाऊक आहे. बॅटरी मारून बघणे चांगलेच आहे, फक्त ते रात्री घाबरून करण्यापेक्षा आठवड्यातून एकदा, सकाळच्या उजेडात करावे आणि वहीत लिहून ठेवावे: जखम कुठे आहे, वाढली की कमी झाली, तोंड किती बोटे उघडते, मानेला गाठ लागते का, वजन किती. मी अशी वही ठेवली होती आणि डॉक्टर प्रत्येक वेळी आधी ती मागत.

प्रवासाचेही सांगते. कर्करुग्णाला तपासणीसाठी जाताना रेल्वेच्या स्लीपर वर्गात पूर्ण भाडे माफ असते आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत असते. रुग्णालयाकडून त्यासाठीचे प्रमाणपत्र लिहून घ्यावे लागते. एसटीतही कर्करुग्णांना सवलत आहे. आमच्या भागातली माणसे उपचार पूर्ण करतात आणि पुढच्या फेऱ्या भाड्यापायी सोडतात, हे मी वॉर्डात डोळ्यांनी पाहिले आहे.

———

पांढरकवडा लॅब
८ जुलै, दुपारी २.३०

मी यवतमाळ जिल्ह्यात गेली अठरा वर्षे रक्त तपासण्याचे काम करतो. वरच्या प्रतिसादात विज्ञान आले आहे. नमुन्याचे काय होते, ते मी सांगतो, कारण तालुक्याच्या केंद्रात रक्त काढल्यानंतरच्या प्रवासाविषयी रुग्णाला कुणी काही सांगत नाही.

साध्या लाल झाकणाच्या नळीत रक्त गोठू दिले, तर गोठताना प्लेटलेट स्वतःच असंख्य पुटिका सोडतात आणि नमुना त्यांनी भरून जातो. म्हणून या कामाला गोठू न दिलेल्या रक्ताचा प्लाझ्मा बरा मानतात. हिरव्या झाकणाच्या नळीतले हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे द्रव्य) पुढच्या पीसीआरमध्ये, म्हणजे आरएनए-डीएनए ओळखण्याच्या तपासणीत, अडथळा आणते, त्यामुळे तीही चालत नाही. रक्त घेतल्यावर थोड्याच तासांत ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्लेटलेट काढून टाकावे लागते, बहुतेक वेळा एकदा नव्हे तर दोनदा, आणि प्लाझ्मा लगेच वापरायचा नसेल तर उणे ८० अंशांवर ठेवावा लागतो. आमच्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातला लसींचा आयएलआर, म्हणजे लसी ठेवण्याचा फ्रीज, २ ते ८ अंशांचा असतो. उणे ८० चा फ्रीझर मी स्वतः फक्त वैद्यकीय महाविद्यालयात पाहिला आहे. त्यात नळी खड्ड्यांच्या रस्त्यावरून हादरत गेली की तांबड्या पेशी फुटतात आणि प्लेटलेट उत्तेजित होतात. जेवणानंतर लगेच रक्त घेतले तर रक्तातले चरबीचे कण येतात, ज्यांतले काही आकाराने पुटिकांसारखेच असतात आणि मोजणी करणारे यंत्र त्या दोहोंत भेद करू शकत नाही.

एवढे सांभाळल्यावर पुटिका वेगळ्या करण्याची पद्धत हा पुढचा प्रश्न येतो. जुनी पद्धत म्हणजे गुरुत्वाच्या सुमारे एक लाख पट बल पडेल इतक्या वेगाने तासन्‌तास फिरवणे. आता चाळणीचे स्तंभ आणि प्रतिपिंड लावलेले मणी अशा पद्धतीही आहेत. एकाच रक्तातून दोन पद्धतींनी काढलेल्या पुटिकांचे उत्तर सारखे येईलच असे नाही. या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेला नमुना कसा घ्यावा आणि काय काय नोंदवावे याचे नियम २०१४, २०१८ आणि २०२३ असे तीनदा काढावे लागले, यावरूनच काम अजून किती घडते आहे ते समजते.

म्हणून त्या केंद्राला पुढील गोष्टी विचारा, भाऊ: नळी कोणती, किती तासांत फिरवणार, कुठे आणि किती थंड ठेवणार, तपासणारी प्रयोगशाळा कोणत्या गावी आहे, आणि गालाच्या कर्करोगात किरणोपचारानंतर ही तपासणी किती रुग्णांवर पडताळली आहे. साखर आणि हिमोग्लोबिनसाठी हे प्रश्न मी कुणाला विचारायला लावत नाही, कारण तिथली उत्तरे ठरलेली आहेत. इथे ती ठरलेली नाहीत.

———

अमरावती जिज्ञासू
८ जुलै, रात्री १०.००

वरचे तीनही प्रतिसाद मी आदराने वाचले, तरीही मला एक आक्षेप नोंदवायचा आहे. नवे काहीही आले की ग्रामीण माणसाला ‘हे तुमच्यासाठी नाही, तुम्ही तारखेला या’ असे सांगितले जाते. गडचिरोलीच्या टोकाच्या गावातून नागपूरला येणे म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि एक मुक्काम. रुग्ण येण्याऐवजी त्याचे रक्त आले, तर दर तीन महिन्यांची एक फेरी वाचेल. पेट-सीटीची यंत्रे मोठ्या शहरांतच असतात, रक्त मात्र कुठेही काढता येते. अशी तपासणी खरोखर तयार झाली तर तिचा सर्वांत जास्त लाभ विदर्भातल्या खेड्यांनाच होणार आहे. मग तिच्याकडे संशयाने पाहून आपण आपलेच नुकसान करत नाही का? अमेरिकेत लघवीतल्या एक्सोसोमवरची प्रोस्टेटची तपासणी बाजारात आहेच.

———

किरणोपचार विद्यार्थी
९ जुलै, रात्री १२.२०

जिज्ञासू, तुमचा आक्षेप मला योग्य वाटतो आणि त्याचे उत्तर घाईने द्यावे असा तो नाही. रक्ताने प्रवास करावा आणि रुग्णाने घरी राहावे, हे माझेही स्वप्न आहे, आणि याच कारणासाठी मला हा विषय संशोधनाला घ्यायचा आहे. परंतु फेरी वाचवण्यासाठी तपासणी ज्या दर्जाची लागते, तो दर्जा सिद्ध होण्याआधी फेरी वाचवली तर रोग हातातून निसटतो. तोंडाच्या कर्करोगात आजही सर्वांत भरवशाची देखरेख म्हणजे जाणत्या माणसाचे डोळे आणि बोटे. पहिल्या दोन वर्षांत रोग परत येण्याची शक्यता सर्वाधिक असते, म्हणून पहिल्या वर्षी एक ते तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दोन ते सहा महिन्यांनी बोलावतात.

प्रोस्टेटच्या त्या तपासणीचे उदाहरण बरे दिलेत. ती पन्नाशीच्या पुढच्या, पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारे प्रथिन) थोडा वाढलेल्या पुरुषाला बायोप्सीची गरज आहे का, एवढेच ठरवायला मदत करते. किरणोपचारानंतर रोग उरला का हे ती सांगत नाही. एका प्रश्नासाठी पडताळलेली तपासणी दुसऱ्या प्रश्नाला लावता येत नाही. तसेच घशाच्या मागच्या भागातल्या, एचपीव्ही विषाणूमुळे होणाऱ्या कर्करोगात रक्तातला विषाणूचा डीएनए मोजून देखरेख करण्याचे काम परदेशात बरेच पुढे गेले आहे. आपल्याकडचे खर्ऱ्याने होणारे गालाचे कर्करोग बहुतांशी त्या विषाणूचे नसतात, त्यामुळे तोही मार्ग आपल्याला थेट उपयोगी पडत नाही. डोके-मानेच्या कर्करोगात रक्तातल्या एक्सोसोमवर अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या थेरेसा व्हाइटसाइड यांच्या गटाने अनेक वर्षे काम केले आहे, आणि त्या पुटिकांवरचे पीडी-एल१ हे प्रथिन रोगाच्या सक्रियतेशी जुळते असे त्यांना आढळले. हा धागा मला आशादायक वाटतो. मात्र याच क्षेत्रात २०१५ मध्ये पुटिकांवरच्या ग्लिपिकॅन-१ या खुणेने स्वादुपिंडाचा कर्करोग अचूक ओळखता येतो असे एका मोठ्या नियतकालिकात आले होते, आणि पुढे इतरांना ती अचूकता तशीच मिळाली नाही.

आकड्यांनी एक गोष्ट दाखवतो. हे आकडे केवळ समजण्यासाठी मानलेले आहेत. १०० रुग्णांपैकी २० जणांचा रोग परत आला आहे असे धरा, आणि तपासणी रोग असलेल्यांपैकी ८० टक्के पकडते व रोग नसलेल्यांपैकी ८० टक्क्यांना बरोबर ‘नाही’ म्हणते असे धरा. ऐकायला चांगली वाटते. पण ती ३२ जणांना ‘आहे’ म्हणेल आणि त्यांतले निम्मे, म्हणजे १६ जण, निरोगी असतील. उरलेल्या ६८ जणांना ती धीर देईल आणि त्यांतल्या ४ जणांचा धीर खोटा असेल. मोठ्या बाबांचा अहवाल ‘आहे’ आला तरी तुकडा काढावाच लागेल, आणि ‘नाही’ आला तरी तारखेला जावेच लागेल. ज्या तपासणीच्या दोन्ही उत्तरांनंतर पुढचे पाऊल एकच राहते, तिच्यासाठी रोवणीचे पैसे देऊ नयेत असे मला मनापासून वाटते.

आणखी एक. लवकर कळले म्हणजे आयुष्य वाढलेच, असे आपण गृहीत धरतो. अंडाशयाच्या कर्करोगात सीए-१२५ हा रक्तातला घटक वाढताच, त्रास सुरू होण्याआधीच उपचार सुरू करावेत का, हे ५२९ स्त्रियांवर पडताळले गेले आणि त्याचा निष्कर्ष २०१० मध्ये आला. लवकर उपचार घेतलेल्या स्त्रिया अधिक काळ जगल्या नाहीत, फक्त त्यांचे औषधोपचार काही महिने आधी सुरू झाले. गालाच्या रोगात मात्र लवकर सापडलेली लहान गाठ कापून काढता येते, म्हणून तिथे चित्र वेगळे असू शकते, आणि ते असेच पडताळून दाखवावे लागेल. पेट-सीटीचे उदाहरण घ्या. मानेतल्या गाठी असलेल्या रुग्णांत केमो-किरणोपचारानंतर १२ आठवड्यांनी पेट-सीटी करून पाहिले, तर सरसकट मानेची शस्त्रक्रिया टाळता येते का, हे ब्रिटनमध्ये ५६४ रुग्णांवर तपासले गेले आणि २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सरसकट शस्त्रक्रियेचा गट आणि पेट-सीटीचा गट, दोन्हींत जगण्याचे प्रमाण जवळजवळ सारखे राहिले, पण पहिल्यात २२१ शस्त्रक्रिया झाल्या आणि दुसऱ्यात फक्त ५४. एक्सोसोमच्या तपासणीने असे काही करून दाखवले की मी स्वतः तिचा प्रचार करीन.

संशोधनात भाग घ्यायचा असेल तर अवश्य घ्या. तेव्हा दोन गोष्टी पाहा. रुग्णांवर उपचार किंवा नवी पद्धत आजमावणारा अभ्यास असेल तर त्याची सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद आहे का, आणि संशोधनासाठीच्या तपासणीचे पैसे तुमच्याकडून मागितले जात आहेत का. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नीतिनियमांनुसार सहभागी व्यक्तीवर संशोधनाच्या खर्चाचा भार टाकायचा नसतो. अभ्यासाच्या नावाखाली कुणी पैसे मागत असेल तर तिथून उठून यावे.

———

अमरावती जिज्ञासू
९ जुलै, सकाळी ८.४५

‘दोन्ही उत्तरांनंतर पाऊल एकच’ हे मला पटले. माझा आग्रह आता एवढाच की असे अभ्यास मुंबई-पुण्यापुरते राहू नयेत, आणि खर्ऱ्याचे रुग्ण जिथे आहेत तिथून नमुने गोळा व्हावेत. पांढरकवडा लॅब यांनी सांगितलेला उणे ८० चा फ्रीझर ही त्याची पहिली पायरी असेल.

———

धानपट्टा
२४ जुलै, रात्री ९.१०

सर्वांचे आभार मानायला उशीर झाला, रोवणी चालू होती. ती रोख मजुरी देऊनच झाली.

ती रक्ततपासणी आम्ही केली नाही. केंद्रातल्या माणसाला पांढरकवडा लॅब यांचे प्रश्न विचारले. नळी कोणती हे त्याने सांगितले, बाकीच्यांपैकी एकाचेही उत्तर त्याच्याजवळ नव्हते. तो वाईट माणूस आहे असे मला वाटत नाही, त्याला जेवढे सांगून पाठवले होते तेवढे तो सांगत होता.

वडील मात्र लगेच मानले नाहीत. ‘पैशाकडे पाहून भावाची तपासणी टाळली असे लोक म्हणतील,’ हे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा मी १०० रुग्णांचा हिशेब त्यांना तांदळाचे दाणे मांडून दाखवला. सोळा आणि सोळा दाणे शेजारी-शेजारी पाहिल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, ‘तारीख कधीची आहे?’

परवा नागपूरला जाऊन आलो. मोठ्या आईने वैनगंगाकाठ ताईंच्या सांगण्याप्रमाणे वही लिहिली होती. तिच्यात एक नोंद अशी होती की जखम दुखते ती जेवताना, आणि तिच्यासमोरच एका दाढेचे टोक तुटलेले आहे. डॉक्टरांनी ती नोंद वाचून आधी ती दाढ पाहिली, बोटाने गाल आतून-बाहेरून चाचपला, मान पाहिली, आणि जखमेच्या कडेचा लहानसा तुकडा काढून दिला. आज अहवाल आला. त्यात कर्कपेशी नाहीत, सूज आणि किरणांमुळे झालेले बदल आहेत असे लिहिले आहे. डॉक्टर म्हणाले की हे आजचे उत्तर आहे, वर्षभराचे नाही, आणि दर महिन्याला यावे लागेल. दाढेचे टोक त्यांनी दंतविभागात घासून घेतले. गावाकडे एकाने ती दाढ उपटून टाकण्याचा सल्ला दिला होता. शेक घेतलेल्या जबड्यातली दाढ किरणोपचार विभागाला न विचारता कधीही काढू नका, हाड सडण्याचा धोका असतो, असे त्यांनी दोनदा बजावले. हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो, दुसऱ्या कुणाच्या घरी उपयोगी पडेल.

एक्सोसोमचा विषयही मी काढला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले की त्यांच्याकडे असा अभ्यास सुरू झाला तर मोठ्या बाबांना विचारू, आणि पहिल्या शस्त्रक्रियेच्या गाठीचा मेणातला ठोकळा रुग्णालयात जपून ठेवलेला आहे.

———

किरणोपचार विद्यार्थी
२४ जुलै, रात्री १०.३०

अहवाल वाचून बरे वाटले. मोठ्या आईंची ती एक ओळ त्या दिवशीच्या तपासणीत सर्वांत उपयोगाची ठरली. खर्रा पूर्ण सुटला आहे ना, हे एकदा कळवा, कारण तो चालू राहिला तर रोग परत येण्याचा आणि तोंडात दुसरीकडे नवा रोग होण्याचा, असे दोन्ही धोके वाढतात. मानेला किरण लागले असतील तर थायरॉईड मंदावू शकते, म्हणून दर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच (थायरॉईडचे काम कळण्यासाठी रक्तात मोजतात ते संप्रेरक) पाहायचा असतो. ती साधी तपासणी आहे आणि तालुक्याच्या ठिकाणीही होते.

———

धानपट्टा
२५ जुलै, सकाळी ६.५०

खर्रा शस्त्रक्रियेच्या दिवसापासून बंद आहे. घरासमोरच्या पानठेल्यावर पन्नीत खर्रा घोटण्याचा आवाज आला की ते उठून मागच्या अंगणात जाऊन बसतात. टीएसएचचे रक्त परवा द्यायचे राहून गेले. उद्या नागभीडला बाजार आहे, त्यांना उपाशीपोटी घेऊन जातो आणि देऊन येतो.

———

पांढरकवडा लॅब
२५ जुलै, सकाळी ७.१५

टीएसएचला उपाशी राहण्याची गरज नसते, भाऊ. त्यांना चहा-नाश्ता करून न्या, फक्त सकाळी लवकर न्या. आणि अहवालाचा कागद त्याच वहीत लावा.